बिनअंड्याचा घास

विहीणबाई, तुमच्या तोंडात अंडं मी घातलं.

हे सगळ्या सेनगावाला आणि सगळ्या साखऱ्याला माहीत आहे. पण मी माझ्या तोंडानं कधी कबूल केलं नाही. कुणी विषय काढला की मी एकच पाठ केलेलं वाक्य म्हणायची, "मला काय माहीत?" शाळेत नापास झालेलं पोरगं म्हणतं तसं. तुम्ही असेपर्यंत ते वाक्य चाललं. आता तुम्ही नाहीत, तर ते म्हणायचं तरी कुणापुढं?

तेव्हाची मी तुम्हाला आठवत असेनच. मलाच ती नको वाटते, पण आठवते. सुनंदाचं लग्न आमच्या दारात, सेनगावला. हे तहसीलात कारकून. म्हणजे जिल्हाधिकारी व्हायचे तेवढे राहिले होते, असा माझा तोरा. सेनगावात राहून मी स्वतःला लंडनची समजत होते आणि साखऱ्याहून बैलगाडीनं, जीपनं आलेल्या तुमच्या वऱ्हाडाला खेड्यातलं. नांदेडला बहिणीच्या शेजारी एका लेकराच्या वाढदिवसाला मी एकदाच केक खाल्लेला. तेवढ्या एका तुकड्यावर मी केकातली तज्ज्ञ झाले. गल्लीतल्या बायकांना सांगत सुटले, "मैदा, साखर आणि गाईचं लोणी. दुसरं काही नसतं त्याच्यात." बायका माना डोलवायच्या. अडाण्यांची सभा आणि मी अध्यक्ष!

मग बसस्टँडजवळच्या बेकरीतल्या सलीमभाईंना मी केक सांगितला. त्याच्यात काय पडतं हे त्यांना विचारलं नाही. विचारलं तर मला माहीत नाही असं दिसलं असतं ना.

अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि विहिणींची पंगत बसली. आपल्याकडची रीतच ती. मुलीच्या आईनं मुलाच्या आईला आपल्या हातानं गोड घास भरवायचा, नाव घ्यायचं, चार बायकांनी हसायचं, झालं. लाडू नाही तर जिलबी. माझ्यासारखीला मात्र जिलबी कशी चालेल? मी खोकं उघडलं. उन्हानं वरची मलई जरा घसरली होती, गुलाबाचं फूल एका अंगाला कलंडलं होतं. तुमच्या गावच्या बायका माना उंचावून बघत होत्या. मी चांगला मुठीएवढा तुकडा कापला, नाव घेतलं आणि तुमच्या तोंडात कोंबला. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मांसमच्छी, अंडं यांच्या वाऱ्याला उभं न राहणारं घर तुमचं.

सलीमभाई मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. बिचाऱ्यांना आपला केक कसा झाला ते बघायचं होतं. कुणी काही बोलेना म्हणून तेच पुढं होऊन कौतुकानं म्हणाले, "बाजी, अंडे बिल्कुल ताजे डाले. आज सुबह के."

पंगतीतल्या सगळ्या माना तुमच्याकडं वळल्या.

तुम्ही गिळला होता. थुंकणार तरी कशा, जागाच ठेवली नव्हती मी तोंडात. तुम्ही गळ्यातली माळ काढली, पत्रावळीच्या कडेला ठेवली, तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली आणि माझ्याकडं बघून एकच बोललात. "मुद्दाम केलं." आणि उठलात. तुमच्यामागं तुमच्या जावा, नणंदा, सगळी पंगत अर्ध्या ताटावरून उठली. बोहल्यावरून नुकतेच उतरलेले आमचे जावई, तुमचे भगवानराव, हातात नारळ घेऊन तसेच उभे राहिले.

मला वाटलं, आता माझ्या लेकीचं काही खरं नाही.

हे मी आज सांगते, विहीणबाई. त्या दिवशी मला तुमच्या माळेची पर्वा नव्हती. सुनंदा कशी नांदणार, एवढंच डोक्यात होतं. ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी तिला चुलीपाशी ओढून विचारलं, "सासू बोलते का गं?" ती म्हणाली, "बोलतात की. भाकरी फुगत नाही म्हणून बोलतात. केकाचं न्हाई काही बोलत." माझा विश्वास बसेना. पुढं कधीतरी तुमच्या शेजारणीनं तिला पाणवठ्यावर 'अंड्यावालीची लेक' म्हणून चिडवलं. ते तुमच्या कानावर गेलं. सुनंदानं सांगितलं मला, तुम्ही भरल्या हंड्यासकट त्या शेजारणीच्या दारात उभ्या राहिलात. "भांडन माझं अन् माझ्या विहिणीचं हाये. पोरीला मधात आनायचं न्हाई. पुन्यांदा बोलशील तं ह्यो हंडा तुझ्या चुलीत रिकामा करीन."

त्या दिवसापासून मी तुमच्यावर मनातल्या मनात जीव टाकू लागले. पण सांगते कुणाला! मी आपली तोंडानं भांडतच राहिले.

आणि तुम्ही काय कमी होतात? वर्षभरानं महाराजांकडून माळ पुन्हा घातलीत, पण माझ्या हातचा घास सोडला तो सोडलाच. काय तुमचा कायदा आणि काय तुमच्या पळवाटा! माझे पापड खायच्या, पण तळायचे सुनंदानं. माझं लोणचं खायच्या, पण वाढायचं सुनंदानं. मी पळी घेऊन वाकले की तुम्ही ताटावर आडवा हात धरायच्या, "राहू द्या, सुनंदा वाढंल." आमच्याकडं आलात की पाणीसुद्धा नातीच्या हातून. ऋतुजा पाच-सहा वर्षांची असेल. एकदा तिनं तुम्हाला सरळ विचारलं, "आजी, ह्या आजीचा हात खराब हाये का?" तुम्ही म्हणालात, "हात चांगला हाये गं. हातात काय असंल त्याचा नेम न्हाई." मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. चिडायला हवं होतं, पण वाक्यच इतकं चांगलं होतं.

आणि दर साली नवी तूर भरडली की पहिला डबा आमच्या दारात यायचा. जीपवाला ओरडायचा, "साखऱ्याच्या आजीनं डाळ धाडली!" घ्यायचं काही नाही, द्यायचं मात्र सगळं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग आपल्या ऋतुजाचं लग्न ठरलं. नांदेडला नर्स झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. हळदीच्या संध्याकाळी केक कापायचा, हे तिनंच काढलं. आणि ती काही कमी नग नाही, तुमच्यावर गेलीय. तिनं फोन करून फर्मान काढलं, "केक दोन्ही आज्यांनी मिळून पसंत करायचा. मी येणार न्हाई, आई येणार न्हाई. दोघीच जा." सगळं ठाऊक होतं तिला.

तुम्ही जीपमधून उतरलात तेव्हा पदराच्या टोकाला गाठ होती. मला वाटलं, पैसे. बेकरीत बसल्यावर तुम्ही गाठ सोडली. आत तुरीची डहाळी, फुलांसकट. रस्त्याच्या कडेच्या वावरातून मोडून आणलेली.

"ह्या रंगाचा कर," तुम्ही सलीमभाईंना म्हणालात. ब्लाऊजपीस जुळवायला निघालेल्या बाईसारखं.

सलीमभाईंची दाढी आता पांढरी झालीय. मलईचं काम त्यांचा मुलगा बघतो, ते गल्ल्यावर बसतात. आपल्या दोघींना एकत्र बघून त्यांनी आधी दोन्ही कान धरले. "आप दोनों? साथ में? तौबा. मी आज तोंडच उघडत न्हाई."

मुलानं मोबाइलवर फोटो दाखवले. एक तीन मजली, पांढराशुभ्र, वर चांदीचे मणी. मी म्हटलं, हाच. तुम्ही बोटानं मोबाइल लांब सारलात. "पांढरा? लग्नात? कोन मेलं हाये का?"

हे वाक्य मी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. असो.

मग त्या पोरानं खुलासा केला की तीन मजल्यांतले खालचे दोन थर्माकोलचे असतात, वरून मलई लावलेले. खरा केक फक्त वरचा. सगळे तसंच करतात, फोटोत उंच दिसतो. तुम्ही आधी त्याच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. "म्हंजे वरचं खरं अन् खालचं खोटं. आमच्या विहीणबाईचं उलटं हाये. वरचं समदं थर्माकोल."

"आणि खाली?" मी म्हटलं.

"खाली केक असंल बी. कोनं कापून पाह्यलंय?"

विहीणबाई, इतक्या वर्षांत तुम्ही माझं कौतुक केलं ते तेवढं एकदाच. मी ते जपून ठेवलंय.

मग आपलं जुंपलं. मला उंच पाहिजे, तुम्हाला खरा पाहिजे. मी म्हणते फोटोत दिसायला हवा, तुम्ही म्हणता, "फोटो खायचा हाये का? लेकराच्या लग्नात खोटं ठेवायचं न्हाई. एकच मजला कर, पन समदा खायचा कर." मी म्हणते, लोक काय म्हणतील, एवढासा केक? तुम्ही म्हणता, "लोकं तं तवा बी म्हनलेच." रंग पिवळा ठरला. अंडं नाही हे ठरलं. सलीमभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, दही आणि दूध घालून करतो, भांडीसुद्धा वेगळी. मजल्यांचं तेवढं राहिलं. "बघू, फोनवर सांगू," असं म्हणून आपण ते तसंच सोडलं. ते भांडण अजून तिथंच आहे, बेकरीच्या बाकड्यावर.

मग चवीला दोन तुकडे आले. बिनअंड्याचे, पायनापलचे. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्यातला एक उचलला आणि तुमच्या तोंडाशी धरला.

तुम्ही मान मागं घेतली नाही. ताटावर धरायच्या तसा हातही मध्ये आणला नाही. फक्त माझ्याकडं बघत राहिलात. "एक विचारू? आता दोघी बी म्हाताऱ्या झालो. खरं सांगा. तवा मुद्दाम घातलं व्हतं ना?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न समोर आला होता. 'नाही हो, मी अडाणी होते, मिरवायला गेले आणि तोंडावर पडले,' एवढं म्हणायचं होतं. पण माझी जीभ! साठी ओलांडली, सत्तरी आली, पण जिभेचं वय काही वाढलं नाही. मला त्या क्षणी गंमत सुचली. मी म्हटलं, "व्हय, मुद्दामच. तुमची माळ फार मिरवत होती."

मला वाटलं, तुम्ही हसाल. एक टोमणा माराल, मग मी खरं सांगेन. तुम्ही हसला नाहीत. रागावलाही नाहीत. नुसतं "बरं" म्हणालात.

मग माझा हात हळूच खाली केलात. "ह्यो घास लग्नात खाईन. ऋतीच्या मांडवात, चारचौघांत. जिथं तोंड बाटलं तिथंच धुवायचं."

बाहेर जीपवाला साखऱ्याच्या नावानं ओरडत होता. तुम्ही पिशवी उचलली. डहाळी गल्ल्यावरच राहिली. तो तुकडा मग मीच खाल्ला. गोड होता की नाही, आठवत नाही.

त्या 'बरं'चा अर्थ काय होता, विहीणबाई? मी किती तऱ्हेनं म्हणून बघितलं. भाकरी थापताना म्हणते, केस विंचरताना म्हणते. 'बरं' म्हणजे 'कळली तुमची गंमत' की 'बरं' म्हणजे 'हेच मला वाटत होतं'? कधी हा लागतो, कधी तो. मी मनाशी म्हटलं होतं, एवढं काय, मांडवात घास भरवताना सांगून टाकू. पंगत बसेल तेव्हा सांगू. आपल्याजवळ पंगतीपर्यंतचा वेळ आहे असं मी धरून चालले. बघा, अजूनही तीच मी, न विचारता सगळं माहीत असणारी.

सुनंदाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, त्यावरूनच कळलं. तुम्ही कापूस वेचून आलात, ओसरीवर बसलात, चहा मागितलात आणि तिनं कप आणेपर्यंत मान टाकलीत. चहा सुनंदाच्या हातचाच होता. कायदा शेवटपर्यंत पाळलात.

भगवानरावांनी ठरवलं, लग्न ठरल्या दिवशीच करायचं, तुमची तीच इच्छा होती. पण वाजंत्री नाही, हळदीचा गाजावाजा नाही. मला म्हणाले, "मामी, केकाचं तेवढं नको म्हनून सांगा." त्यांच्या लग्नापासून ते माझ्याशी असेच बोलतात. कामापुरतं, खाली बघून. मी गेले बेकरीत. सलीमभाईंना आधीच कळलं होतं. गल्ल्यावर काचेच्या पेल्यात तुमची डहाळी होती. फुलं गळून गेली होती, दोन-तीन सुकून तशीच चिकटलेली.

मी म्हटलं, "केक नको, भाई."

ते उठून आत गेले आणि एक लहानसं खोकं घेऊन आले. आत वीतभर केक, तुरीच्या फुलाच्या रंगाचा. एक मजली. "ये उनका है, बाजी. बेटे को हाथ नहीं लगाने दिया, खुद बनाया. उस दिन मेरी ही जबान फिसली थी." मग खोकं माझ्या हातात देत म्हणाले, "आप ले जाओ. किसको देना, आप देखो."

दहाव्याला मी ते खोकं पिशवीत घालून नदीवर आले. का, ते मलाच माहीत नव्हतं. बायका बाभळीखाली बसल्या होत्या, मी पिशवी मांडीखाली दडवून बसले, चोरून काही आणल्यासारखी.

तुमचा पिंड ठेवला. भात, दही, तीळ. कावळे समोरच्या लिंबावर चांगले पाच-सहा. एकही खाली उतरेना. तुम्हाला शोभेल असंच. भगवानरावांनी हात जोडून सांगितलं, "आई, ऋतीचं लग्न ठरल्या दिवशी लावतो." कावळे जागेवर. तुमच्या धाकट्या लेकानं सांगितलं, "तुझी गाय इकनार न्हाई." काही नाही. ऋतुजा रडत रडत म्हणाली, "आजी, मी दर महिन्याला गावाला येईन." एका कावळ्यानं मान वळवली, तेवढंच. ऊन चढलं. पुरुष एकमेकांकडं बघू लागले. तुमची थोरली जाऊ, ती त्या पंगतीतही होती, ती सरळ माझ्याकडं बघत होती.

मी उठले. गुडघे वाजले तेवढा आवाज झाला. पिशवीतून खोकं काढलं, तेव्हा मागं बायका कुजबुजल्या, "ते काय हाये? केक हाये का?" कापायला सुरी आणायची राहिली होती. शेवटी नखानं चिमूटभर तोडला, बोराएवढा. मागच्या खेपेची मूठ मला आठवत होती. पिंडाच्या कडेला ठेवला आणि वाकूनच राहिले, कारण मोठ्यानं बोलायची लाज वाटत होती.

"विहीणबाई, मुद्दाम न्हाई घातलं. मला माहीतच नव्हतं. मिरवायला गेले होते. परवा बेकरीत बोलले ती चेष्टा होती. चुकलं माझं." आणि उगीच शंका नको म्हणून जोडलं, "बिनअंड्याचा आहे. दह्याचा."

मी सरून दहा पावलं मागं आले असेन. एक कावळा उतरला. थोराड, मानेला पांढुरका. भाताकडं बघितलं, दह्याकडं बघितलं. पिवळा तुकडा चोचीत धरला आणि लिंबावर जाऊन बसला. मग बाकीचे भातावर उतरले.

मी काही भोळी नाही. कावळ्याला पिवळं दिसलं, गोडाचा वास आला, त्यानं उचललं. भात कुठं पळून जात होता? पण मी तिथंच रेतीत बसले आणि सुनंदाच्या लग्नात रडायचं राहिलं होतं तेवढं सगळं रडले.

पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. भगवानराव. डोकं भादरलेलं, ओलं धोतर. ते पहिल्यांदा माझ्याजवळ खाली बसले आणि माझ्या मांडीवरच्या खोक्यात बघून म्हणाले,

"मामी, एवढासाच काहून टाकला? आई घरात सांगायची आमाला, पाप असंल तं असंल, पन लई गोड व्हतं."